बुद्ध्यंक आणि रक्त

‘हुशारी रक्तातच असते’ हे पत्र वाचले. खेड्यातल्या मुलांना बुद्धिमापन चाचणीत कमी गुण पडतात, म्हणून त्यांच्यावर खर्च वाया, हा त्यातला निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये ही चाचणी बनवली ती शाळेत मागे पडणारी मुले हेरून त्यांना मदत करता यावी म्हणून. आपल्याकडे ती आणताना डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांवर ती नव्याने बेतली. परक्या मुलांचे माप त्यांनी तसेच लावले नाही. बुद्धीत आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण अमेरिकेत अशा चाचण्यांतले सरासरी गुण १९३२ ते १९७८ या काळात सुमारे १४ने वाढले, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. एवढ्या थोड्या वर्षांत रक्त बदलत नाही.

खेड्यातल्या मुलांचेच पाहा. दोडामार्गच्या बाजारात माझा सहावीतला विद्यार्थी साडेसतरा किलो काजूबियांचे, किलोला एकशे वीस दराने, एकवीसशे रुपये तोंडी सांगतो. तेच उदाहरण कागदावर आले की अडतो. ही अडचण शिकवण्याची आहे, आणि त्यासाठी आमच्या शाळांना पुरेसे शिक्षक हवेत.

— एक शिक्षिका, दोडामार्ग