पाटीवरचा आकडा, घरातलं नाव

मुलांनो, सुट्टीत गावी गेलात की चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीकडे जरा नीट बघा. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांत तिथे एक संगमरवरी पाटी असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून किती जण गेले आणि त्यांतले किती परत आले नाहीत, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. आणि नावं? एकही नाही!

इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाचंही तसंच. त्या आघाडीवर आपल्या मराठा पलटणी लढल्या. पण स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांची पलटणवार नुसती संख्या! अशी स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाबद्दल २०२१ साली माफी मागितली.

तुमच्या घरातले कुणी पणजोबा, खापरपणजोबा असे लढाईवर गेले होते का? मग चला, त्यांचं नाव शोधू या.

सुरुवात घरातूनच करायची. आजीची जुनी ट्रंक उघडायला सांगा. पेन्शनचे कागद, सैन्यातून सुटल्याचा दाखला, एखादं पदक मिळेल. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बरेचदा कोरलेली असते. भिंग घेऊन वाचा. चिंच लावून घासू मात्र नका हं, अक्षरं झिजतात!

पणजोबा महायुद्धात कामी आले असतील, तर त्या कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. फक्त एक युक्ती लक्षात ठेवा. त्या वेळचे कारकून कानावर पडेल तसं नाव इंग्रजीत लिहीत. इटलीत १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव इंग्रजी पुस्तकांत 'जादव' होऊन बसलेत! म्हणून आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहून बघा. 'मराठा' सुद्धा तेव्हा एम-ए-एच-आर-ए-डबल टी-ए असं लिहीत.

नंतरच्या काळातल्या सैनिकाची माहिती हवी असेल, तर त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला आई-बाबांच्या सहीने पत्र पाठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. पत्रात सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, भरतीचं साल आणि तुमचं नातं लिहायचं. काही अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

आणि घरातलं कुणीच सैन्यात नव्हतं तर? अहो, गावची पाटी आहे ना! तिच्यावर सात जण लिहिले असतील, तर ते सात कोण, हे म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारा. त्यांनी ते आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय. ती माणसं आता थकलीत.

एक जरी नाव मिळालं तरी वहीत नीट लिहून ठेवा. आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवा बरं का!