कपाटाची किल्ली



मालेगाव तालुक्यातल्या मुलींना ‘पुढे काय?’ विचारले की शिक्षिका, नर्स, पोलीस भरती एवढीच उत्तरे येतात. ‘ग्रंथपाल’ कुणी म्हणत नाही. म्हणणार तरी कशी? पुस्तके कपाटात आणि किल्ली गुरुजींच्या खिशात. शाळेत ग्रंथपाल तिने पाहिलेलीच नसते.

वाट मात्र आहे. आधी ग्रंथालय प्रमाणपत्र, पदवीनंतर बी.लिब., मग एम.लिब. त्यासाठी अमरावतीचे विद्यापीठ आहे. घर सोडता येत नसेल तर नाशिकचे मुक्त विद्यापीठ. पुढे सेट-नेट झाली की महाविद्यालयाचे दार उघडते.

पण शाळेतले पद पटसंख्येवर ठरते. पट कमी, तर पद अर्धवेळ. आणखी कमी, तर पदच नाही. अर्धवेळ पद बाईला मिळाले की घरचे म्हणतात, “बरं झालं, घर सांभाळून होईल.” पगार अर्धा, नोंदी, देवघेव, पुस्तकांची डागडुजी मात्र पूर्ण. उरलेला अर्धा दिवस चुलीपाशी जातो आणि बी.लिब.चा अर्ज तसाच राहतो. अर्धवेळ पद असते, बाई नव्हे!

१९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाची सोय केली. गावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयालाही ग्रंथपाल लागतो. तिथे आणि त्याच्या कार्यकारिणीतही आपल्या मुली का नसाव्यात?

या तिमाहीत प्रत्येक गटाने एवढे करावे: गावच्या शाळेत जाऊन विचारावे, पुस्तकांचे कपाट शेवटचे कधी उघडले? आणि शिकू पाहणाऱ्या एका मुलीच्या घरी जाऊन बोलावे.