तिखटाचा रंग आणि पेढीची साख

चैत्र सरत आला की नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील किराणा पेढ्यांपुढे वाळलेल्या मिरचीची पोती उघडी पडतात. वर्षभराचे तिखट करून ठेवण्याचे हे दिवस. गृहिणी मूठभर मिरची उचलतात, देठ पाहतात, एखादी मोडून वास घेतात. रंगासाठी बेडगी आणि तिखटपणासाठी गुंटूर, असा हिशेब घराघरांत ठरलेला असतो. मग गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याला नेहमीचा प्रश्न येतो, "शेठ, रंग चांगला येईल ना?"

प्रश्न साधा असला तरी तिखटाच्या व्यापारातील मोठा मोह त्याच्यातच दडलेला आहे. मिरचीचा भाव तिच्या रंगावर ठरतो आणि रंग हीच तिची सर्वांत नाशवंत गोष्ट असते. ऊन, दमट हवा आणि साठवणुकीचे महिने यांनी लाली उतरत जाते. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर तांबडीलाल दिसणारी मिरची वर्षभर गोदामात राहिली की फिकट, तपकिरी दिसू लागते. अशा मालाची पूड करून तिला गेलेला रंग परत देण्याचा मार्ग काहींनी शोधला आणि त्याची किंमत सबंध देशाच्या मसाला व्यापाराला मोजावी लागली.

मे २००३ मध्ये फ्रान्सने युरोपीय महासंघातील इतर देशांना सावधगिरीची सूचना पाठवली. भारतातून आलेल्या मिरचीच्या पदार्थांत 'सुदान-१' नावाचा रंग सापडला होता. हा रंग खाण्याचा नव्हे. मेण, द्रावके, बुटांचे व फरशीचे पॉलिश यांना रंग देण्यासाठी तो तयार होतो. प्रयोगशाळेतील प्राण्यांवर त्याचे कर्कजन्य परिणाम दिसलेले असल्याने अन्नात त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. भारतीय कायद्यानेही मिरची पुडीत वरून रंग घालण्यास मनाई आहे. जून २००३ मध्ये युरोपीय आयोगाने तातडीचे निर्बंध जाहीर केले. त्यांनुसार मिरची आणि मिरचीच्या पदार्थांच्या प्रत्येक खेपेसोबत ती सुदान-१ पासून मुक्त असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल असणे बंधनकारक झाले. अहवाल नसेल तर माल बंदरावर अडवायचा, आयातदाराच्या खर्चाने तपासायचा आणि रंग सापडला तर नष्ट करायचा, असा तो नियम होता.

या नियमाने व्यापाराची जुनी रीत एका फटक्यात उलटी केली. तोवर माल चांगला समजला जाई आणि खोट काढणाऱ्याला ती सिद्ध करावी लागे. आता माल संशयित ठरला आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे विकणाऱ्यावर आले. ज्याने आयुष्यात कधी भेसळ केली नाही त्याची खेपही बंदरावर त्याच रांगेत उभी राहिली. सचोटी होती, पण तिचा कागद नव्हता. भारतीय मसाला मंडळाने त्यानंतर निर्यातीच्या मिरचीची सुदान रंगांसाठी तपासणी सक्तीची केली. पुढे २००४ च्या जानेवारीत युरोपने करी पावडरीचाही समावेश केला आणि सुदानच्या इतर तीन प्रकारांची तपासणीही आवश्यक ठरवली.

एवढे होऊनही सर्वांत मोठा हादरा २००५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये बसला. तेथील एका मोठ्या कंपनीच्या वूस्टर सॉसमध्ये सुदान-१ आढळला. सॉसमधील भारतीय मिरची पूड २००२ मध्ये, म्हणजे निर्बंध लागू होण्यापूर्वीच, ब्रिटनमध्ये पोहोचलेली होती. बंदरावरचा पहारा बसला तेव्हा दोषी माल आधीच वेशीच्या आत आला होता. तो सॉस इतर कारखान्यांनी आपापल्या तयार जेवणांत, सूपांत आणि चटण्यांत वापरला होता. परिणामी चारशेहून अधिक पदार्थ दुकानांच्या फळ्यांवरून उतरवावे लागले. कोणत्या पदार्थात काय गेले हे शोधण्याचा एकच मार्ग उरला होता : खरेदीच्या नोंदी मागे मागे वाचत जाणे. ज्यांच्या वह्या नीट होत्या त्यांना आपला दोष किती आणि कोठवर, हे दाखवता आले.

मे २००५ मध्ये निर्बंधांच्या यादीत हळद आणि पाम तेल यांची भर पडली. पश्चिम आफ्रिकेतील शुद्ध न केलेले पाम तेल मुळात तांबडे असते आणि जितके तांबडे तितके उत्तम, अशी तेथील ग्राहकाची समजूत. तेथेही फिकट तेलाला सुदान रंगाने लाली आणण्याचे प्रकार उघडकीस आले. गुंटूर आणि घाना यांच्यात हजारो मैलांचे अंतर असले तरी मोह एकच होता. ग्राहक डोळ्यांनी पारखतो, म्हणून डोळ्यांनाच फसवायचे.

तेलाच्या बाबतीत भारताला याहून कटू अनुभव आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. हीच काटेरी, पिवळ्या फुलांची वनस्पती महाराष्ट्रात रस्त्याकडेला आणि पडीक शेतांत सर्वत्र दिसते. तिच्या तेलाने अंगावर सूज येते आणि हृदयावर ताण पडतो. त्या साथीत साठाहून अधिक माणसे दगावली. तेथे बंदर नव्हते, आयातदार नव्हता. तेल शेजारच्या दुकानातून विश्वासाने घरात आले होते.

नाशिकच्या व्यापाऱ्याला ही सारी दूरदेशीची गोष्ट वाटण्याचे कारण नाही. या जिल्ह्याने असा प्रसंग द्राक्षांच्या निमित्ताने स्वतः सोसला आहे. २०१० च्या हंगामात येथून गेलेली द्राक्षे युरोपात अडवली गेली. वेलीची वाढ रोखण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील 'सीसीसी'चे, अंश त्यांत मर्यादेपेक्षा जास्त आढळले. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे त्यांच्या यादीत ते नव्हते. अनेक बागायतदारांचा हंगाम हातचा गेला. पण द्राक्षपट्टा त्यातून सावरला, कारण नोंदीची पद्धत आधीच उभी होती. 'अपेडा'च्या ग्रेपनेट व्यवस्थेत प्रत्येक बागेची नोंदणी होते, काढणीपूर्वी त्या बागेतील नमुना तपासला जातो आणि परदेशातील पेटीवरून मूळ बागेपर्यंत मागे जाता येते. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे या तपासणीची देखरेख आहे. राहिलेले रसायन यादीत आले आणि व्यापार पुन्हा उभा राहिला.

मसाल्यांत मात्र हा धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमला भारतीय तिळात इथिलिन ऑक्साइडचे अंश सापडले. जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा हा वायू आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवाला कर्करोगकारक ठरवलेला आहे. पुढच्याच महिन्यात युरोपने भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासण्याचा आदेश काढला. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने दोन नामवंत भारतीय कंपन्यांच्या काही मिश्र मसाल्यांची विक्री थांबवली आणि सिंगापूरने त्यांपैकी एक मसाला परत मागवला. कंपन्यांनी आपले पदार्थ सुरक्षित असल्याचे सांगितले. पण मे महिन्यापासून त्या दोन ठिकाणी जाणाऱ्या मसाल्यांसाठी या वायूची तपासणी सक्तीची झाली. पुन्हा सर्वच निर्यातदारांना रांगेत उभे राहावे लागले.

येथे किराणा पेढीने स्वतःला एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. हाँगकाँगच्या ग्राहकासाठी प्रयोगशाळेचा अहवाल आणि पंचवटीतील गिऱ्हाइकासाठी नुसता शब्द, हा न्याय आहे का? परदेशी ग्राहकाच्या पाठीशी त्याचे सरकार आणि बंदर उभे असते. गल्लीतील गृहिणीच्या पाठीशी केवळ व्यापाऱ्याची नियत असते. म्हणूनच तिचे ओझे अधिक जड असावयास हवे.

नियत पुरेशी का नाही, हे सुदानच्या रंगानेच शिकवले आहे. पुष्कळ दुकानांत आजही पेलाभर पाण्यात चिमूटभर तिखट टाकून परीक्षा होते. पाण्यात विरघळणारा रंग त्यात उतरतो. सुदान हा तेलात विरघळणारा रंग असल्याने पाणी स्वच्छच राहते. त्याची निश्चित पारख प्रयोगशाळेतच होते. प्रामाणिक व्यापारीही येथे फसू शकतो आणि अजाणता दुसऱ्याला फसवू शकतो.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. माल कोणाकडून घेतला हे विक्रेत्याला सांगता आले नाही, तर त्या मालाची जबाबदारी त्याच्यावरच येते. एका घाऊत दोष आढळला की उलट सिद्ध होईपर्यंत तो संपूर्ण घाऊ सदोष मानला जातो. योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, असे सिद्ध करणाऱ्याला मात्र कायदा बचावाची वाट ठेवतो. खरेदीदारालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेण्याचा हक्क आहे.

पेढीवर करण्यासारख्या गोष्टी यातूनच निघतात आणि त्या अवघड नाहीत. शक्यतो पुडीऐवजी अख्खी मिरची आणि अख्खी हळद घेऊन ती डोळ्यांदेखत दळावी. पूड घ्यावीच लागली तर घाऊ क्रमांकासह बिल आणि त्या घाऊचा अहवाल मागावा. प्रत्येक खरेदीचा थोडा नमुना तारीख घालून बंद डबीत ठेवावा. जुना आणि नवा माल एकत्र करू नये. तेल सुटे न विकता बंद डब्यातच विकावे. बाजारभावापेक्षा फार स्वस्त आणि फार लाल माल दारी आला तर त्याचे कारण विचारावे, आणि उत्तर पटले नाही तर तो परत पाठवावा. दलालाला राग येईल, एखादा सौदाही जाईल. तो तोटा रोजमेळात दिसेल, टळलेला अनर्थ दिसणार नाही. हेच या व्यवहारातील खरे कठीण स्थळ आहे.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांच्या बरोबरीने 'प्रतिरूपक-व्यवहार' येतो, म्हणजे खऱ्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे. भेसळीची गणना तेथे चोरीच्या व्रतात झाली आहे, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. ग्राहकाने जे मागितले आणि ज्याचे पैसे दिले, ते त्याच्या नकळत काढून घेतले जाते, म्हणून ती चोरी. त्याच पाचांत चोरीचा माल पत्करणे आणि राज्याचे व्यापारविषयक निर्बंध ओलांडणे हेही दोष आहेत. युरोपचा आयोग किंवा देशाचा कायदा जे आज अहवालांच्या रूपाने मागतो, ते व्रत घेणाऱ्याने स्वतःकडून आधीच मागावयाचे होते.

पुढच्या चैत्रात पोती पुन्हा उघडतील आणि तोच प्रश्न येईल, "शेठ, रंग चांगला येईल ना?" त्या वेळी व्यापाऱ्याला सरळ सांगता यावे : "ताई, मिरचीचा आहे तेवढा रंग येईल. वर्षाने थोडा उतरेलही. माल कोठला आहे, ते या बिलावर लिहिले आहे."