वंशावळ तपासा, मगच रोपे मोजा

ऐरोलीपासून वाशीपर्यंत ठाणे खाडीच्या काठाने जे कांदळवन उभे आहे, त्यात सर्वाधिक झाडे तिवराची. तिवराच्या पानावर बोट फिरवले की मिठाचे कण हाताला लागतात. जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. या क्षमतेमागची जनुके कोणती, याचा शोध आपल्याच देशात लागू लागला आहे. भुवनेश्वर आणि तमिळनाडूतील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये तिवराचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. 31 गुणसूत्रांतील ही माहिती हाताशी असताना तोडलेल्या कांदळवनाची भरपाई केवळ रोपांच्या संख्येवर मोजत राहणे योग्य नाही.

विकासकामांसाठी कांदळवन तोडण्याच्या परवानग्या मिळत राहणार, हे उघड आहे. बुलेट ट्रेनसाठी सुमारे 20 हजार झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये मुभा दिली. तोडलेल्या झाडांच्या पाचपट रोपे लावण्याची हमी त्यामागे होती. पण पाचपट कशाची? तिवराचे बी पावसाळ्यात कोंब घेऊनच गळते आणि भरतीबरोबर दूरवर जाते. रोपवाटिकेसाठी मात्र सोयीच्या चार झाडांखालचे बी गोळा केले, तर हजारो रोपे एकाच कुटुंबातली निघतील. एखादी कीड आली किंवा पाण्याचा खारेपणा बदलला, तर ती सगळी एकदमच मान टाकतील. कांदळ वनस्पतींमध्ये जनुकीय विविधता मुळातच फार कमी असते, असे 2018 मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून दिसले आहे. मुळात तुटपुंजी असलेली ही पुंजी आपल्या हाताने आणखी घटवू नये.

विविधता आटलेल्या जातीची अवस्था काय होते, ते ऑस्ट्रेलियात दिसते. तेथे 1994 मध्ये सापडलेल्या वोलेमी पाइनची रानात शंभरही प्रौढ झाडे उरलेली नाहीत आणि ती जनुकीयदृष्ट्या जवळपास सारखी आहेत. जात इतकी आकसल्यावर विज्ञानाच्या हाती फारसे काही उरत नाही. तिवर अजून विपुल आहे, म्हणूनच आज करता येण्यासारखे बरेच आहे. कोकणच्या मोजक्या खाड्यांत तग धरून असलेल्या सुंदरीसारख्या दुर्मीळ कांदळांना तर जनुकीय तपासणी तातडीने हवी.

त्यासाठी परवानगीच्या अटींतच तीन गोष्टी आल्या पाहिजेत. तोडीपूर्वी त्या पट्ट्यातील झाडांच्या पानांचे नमुने घेऊन जनुकीय तपासणी व्हावी. वेगळा वंश आढळल्यास त्याचे बी आधी राखून ठेवावे. आणि रोपवाटिकेत प्रत्येक मातृवृक्षाची नोंद असावी, म्हणजे कोणते रोप कुठल्या खाडीतले, हे सांगता येईल. राज्यात 2012 पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, ऐरोलीत किनारी जैवविविधता केंद्र आहे आणि विद्यापीठांत जैवतंत्रज्ञानाचे विभाग आहेत. त्यांना एकत्र बसवण्याचे काम शासनाचे आहे, आणि त्याचा खर्च तोड करणाऱ्या प्रकल्पाने उचलायचा आहे.

कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या घटनादत्त हक्कावर घाला, असे उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावले. त्या निकालाचा मान राखायचा, तर लावलेल्या रोपांबरोबर टिकलेल्या वंशांचाही हिशेब दरवर्षी जनतेसमोर यायला हवा. पुढची परवानगी देण्यापूर्वी शासनाने तो मांडावा.