त्यांनी ठेवलेली नावं टाका

दोस्तांनो, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक आता ऑनलाइन आहेत. ‘दलित’ हा शब्द टाकून दोन-चार लेख चाळले, की झाला अभ्यास? मी म्हणतो, नाही. 1949 साली मुंबईत हे ‘इकॉनॉमिक वीकली’ म्हणून निघालं. त्या काळच्या लेखांत आपण बहुतेक ‘दलित’ नसतो. हरिजन असतो, अस्पृश्य असतो, नाहीतर नुसती जात. त्यांनी ठेवलेली नावं टाका, तेव्हा आपला बाप सापडतो.

25 डिसेंबर 1968. तंजावर भागातलं कीळवेणमणी. मजुरी वाढवून मागणाऱ्यांची 44 माणसं झोपडीत जाळली. बहुतेक बायका-पोरं. गावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. एकानं मिळालं नाही तर दुसरं टाका. तरी नाही? मग साल धरा, एकेक अंक उघडा, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवा. 1973 पर्यंत या. त्या साली हायकोर्टानं जमीनदारांना सोडलं, आणि याच साप्ताहिकात ‘जंटलमेन किलर्स ऑफ कीळवेणमणी’ छापून आलं.

यंत्र विचारलं तेवढंच सांगतं. सापडलं नाही म्हणजे घडलं नाही, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलंय. आता यंत्राच्या तोंडून ऐकून घेऊ नका. पान न्‌ पान उपसा.