‘होनी को कौन टाल सकता है?’

गेल्या पावसाळ्यात इंदूरला मावशीकडे जाण्याचा प्रसंग आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडली होती आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी झाली व ती वेळेवर उभीही राहू लागली. परंतु काका मात्र खचले होते. ‘मी जागा असतो तर ती पडली नसती,’ हे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत. इंदूरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जात असली, तरी सुखदुःखाच्या घडीला ओठांवर हिंदी सहज येते. भेटीस आलेल्या शेजारीणबाईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, “भाईसाहब, होनी को कौन टाल सकता है?” त्या दिवशी काका प्रथमच नीट जेवले.

चार महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांनी मावशीला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवली. दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसते, पुन्हा पडण्याची भीती आहे, असे त्यांनी बजावले. मावशी शांतपणे उत्तरली, “कशाला आता? होनी को कौन टाल सकता है?”

वाक्य तेच होते. पहिल्या वेळी ते औषध ठरले आणि दुसऱ्या वेळी अपथ्य.

वाचकहो, असे का व्हावे? मला वाटते, भेद काळाचा आहे. घटना घडून गेल्यावर हे वचन उच्चारले, की ते मनावरचा दोषाचा भार उतरवते. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या माणसाला ‘माझेच चुकले’ ही टोचणी आतून पोखरत असते आणि त्याला अशा शब्दांचा आधार हवा असतो. तेच वचन घटना घडण्यापूर्वी उच्चारले, की ते हात बांधून टाकते. जे अद्याप घडलेले नाही, त्याला आपण आधीच ‘होनी’ ठरवून मोकळे होतो.

या वाक्प्रचारातील क्रियापदही विचार करण्याजोगे आहे. आपण मराठीत ‘टाळणे’ म्हणतो, तेव्हा चुकवणे हा अर्थ मनात असतो. हिंदीतील ‘टालना’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे पुढे ढकलणे. ठरलेली सभा पुढे गेली, की हिंदीत ती ‘टल गई’ असे म्हणतात. या दुसऱ्या अर्थाने पाहिले, तर ‘कौन टाल सकता है?’ या प्रश्नाला उत्तर आहे. वैद्यकशास्त्राचे बहुतेक कार्य पुढे ढकलण्याचेच आहे. रक्तदाबाची गोळी कोणाला अमर करीत नाही, परंतु पक्षाघाताचा धोका कमी करते आणि चालती-बोलती वर्षे पदरात टाकते.

पडण्याचेच उदाहरण घेऊ. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंत, जगभराचा विचार करता, रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. मात्र या पडण्यामागे बहुधा शोधून काढता येतील अशी कारणे असतात. अंथरुणातून एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येऊन घेरी येते. म्हणून आधी मिनिटभर काठावर बसावे, पाय हलवावेत आणि मगच उभे राहावे. झोपेच्या, रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही औषधांनीही तोल जातो. याकरिता घरातील सर्व औषधे वर्षातून एकदा तरी एकत्र घेऊन डॉक्टरांना दाखवावीत. स्वतःच्या मनाने मात्र कोणतेही औषध बंद करू नये. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवावा, कारण टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. खाटेपासून शौचालयापर्यंत रात्री मंद दिवा असावा. दाराला आतून कडी न लावण्याची सवय करावी. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, असे साधे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज करावेत. दृष्टी आणि हाडांची घनता यांची तपासणीही राहून जाऊ देऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती आहे. घरातील वडीलधारे हे वाक्य बोलले, की त्यांना लगेच उपदेश करू नये. त्या शब्दांआड बरेचदा निराळेच काही दडलेले असते. कधी शस्त्रक्रियेची भीती, कधी खर्चाची चिंता, तर कधी मुलांना आपला भार नको ही भावना. मावशीजवळ बसून विचारले, तेव्हा कळले, की तिला डोळ्यांची काळजी नव्हतीच. पुन्हा तिच्यापायी काकांची झोप मोडेल, हे तिला नको होते. काकांनी ते ऐकले आणि म्हणाले, “अगं, तू पडलीस तर झोप मोडेल. डोळे उघडलेस तर नाही.” पुढच्याच आठवड्यात तारीख ठरली. मात्र अशा बोलण्याबरोबर जेवण, झोप आणि आवडीच्या गोष्टींवरची इच्छा दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकते. ते तत्त्वज्ञान समजून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे. ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

अर्थात एक होनी खरोखरच टळत नाही आणि तिचे नाव आपण सारे जाणतो. तिच्यापुढेही माणूस अगदीच हतबल नाही. बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ यंत्रांच्या बळावर आपल्याला जगवू नये, ही इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून हे पत्र साक्षांकित करून घेता येते. त्यामुळे मुलांवर येणारे फार मोठे ओझे हलके होते.

तेव्हा हे वचन आपल्या बोलण्यातून घालवण्याचे कारण नाही. ते उच्चारण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारावे: जे झाले त्याविषयी मी बोलत आहे, की जे अजून व्हायचे आहे त्याविषयी? झालेल्यासाठी ते अवश्य म्हणावे आणि समोरच्याच्या खांद्यावर हातही ठेवावा. व्हायच्या गोष्टीसाठी मात्र आधी न्हाणीघरातला दांडा बसवून घ्यावा.

मावशीच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया आता झाली आहे. परवा दूरध्वनीवर ती म्हणाली, “अगं, तुझ्या काकांचे केस इतके पांढरे झालेत, हे मला कोणी सांगितलेच नाही!”