सांधेदुखीवरील गोळी : गुण आणि सावधगिरी



राजघाटाच्या पायऱ्या जपून उतरणारी वृद्ध मंडळी असोत, वा बुऱ्हाणपूरच्या केळीच्या बागांत दिवसभर वाकून राबणारे कष्टकरी असोत, गुडघेदुखी कोणाला चुकलेली नाही. मग दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून डायक्लोफेनॅकची गोळी आणली जाते. ती काय करते आणि काय करीत नाही, हे आज समजून घेऊ.

सुजलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात व वेदना वाढवितात. ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मिती रोखतात, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. डायक्लोफेनॅकचे कार्यही असेच चालते. ठणका थांबतो, सूज उतरते, माणूस कामाला लागतो. हा उपकार लहान नव्हे.

परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून महिनोन् महिने गोळी घेणाऱ्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे दुबळी होऊ शकतात, रक्तदाब वाढू शकतो. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. रोफेकॉक्सिब हे ह्याच कुळातील औषध त्या कारणास्तव २००४ साली जगभरच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

गिधाडांची कथा तर सर्वांनी ध्यानी ठेवावी. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मृत जनावरांच्या मांसात उरे. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा २००६ साली गुरांसाठी ह्या औषधावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे. पण आपले औषध गुरांना कधीही देऊ नये.

ज्यांना जठरव्रण, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार, किंवा उच्च रक्तदाब आहे, जे रक्त पातळ करणारे औषध घेतात, तसेच गरोदर भगिनी, ह्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ही गोळी घेऊ नये. नावे निराळी असलेल्या दोन वेदनाशामक गोळ्या एकदम घेऊ नयेत. शौच डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा.

शेवटी एक गोष्ट. ही गोळी वेदना शमविते; झिजलेला सांधा भरून काढीत नाही. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे व लावण्याचे मलम ह्यांनी पुष्कळांना आराम पडतो. सकाळी बोटे तासभर आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याला मेथोट्रेक्सेटसारखी निराळी औषधे लागतात, आणि ती लवकर मिळाली तर सांधे वाचतात. गोळीने दुखणे झाकून ठेवल्यास ही वेळ निघून जाते.

तेव्हा घरातील थोरांच्या उशाशी असलेली सर्व औषधांची पाकिटे एकदा गोळा करून डॉक्टरांपुढे ठेवा. त्यात लाज कसली?